रायफल तिच्या हातात जाते तेव्हा: 'फ्युरी रोड'मधली फ्युरिओसा कॅमेऱ्याने कशी उभी केली

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) चा विषय निघाला की लोक गाड्या, स्फोट, आग ओकणारी गिटार यावर तासभर बोलतात आणि फ्युरिओसावर आले की "काय जबरदस्त बाई आहे" एवढं म्हणून पुढे जातात. पण ती जबरदस्त वाटते ती नक्की कशामुळे, हे कोणी बोलत नाही. मारामारी हल्ली बऱ्याच हिरॉइनी करतात, बंदूकही हातात असते, तरी त्यातल्या निम्म्या पिक्चर संपून तासभर झाला की आठवत पण नाहीत. माझं म्हणणं असं आहे की फ्युरिओसा संवादांनी नाही तर कॅमेरा कुठे ठेवला, किती वेळ ठेवला आणि कट कधी मारला यांनी घडवलीय, आणि त्यातही सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या पिक्चरमध्ये बघण्याचं काम तिला दिलंय. इतर ॲक्शन पिक्चरमध्ये बाईकडे बघतात, इथे बाई बघते आणि आपण तिच्या बघण्याच्या मागे जातो. हे दाखवायला पूर्ण पिक्चर उलगडायची गरज नाही, मधला चिखलातल्या रात्रीचा प्रसंग पुरतो, म्हणून तोच धरून बोलतो आणि लागेल तसं पुढेमागे जातो.

प्रसंग असा. फ्युरिओसा (शार्लीझ थेरॉन) इमॉर्टन जो या हुकूमशहाच्या कैदेतल्या पाच बायकांना घेऊन वॉर रिग नावाच्या प्रचंड टँकरमधून पळालीय, मॅक्स (टॉम हार्डी) आता तिच्यासोबत आहे, दोघांचा एकमेकांवर पुरता विश्वास बसलेला नाही. रात्र, दलदल, टँकर चिखलात रुतलेला, आणि मागून जोचा साथीदार बुलेट फार्मर सर्चलाइट लावलेल्या गाडीतून गोळीबार करत येतोय. मॅक्सकडे लांब पल्ल्याची रायफल आहे पण गोळ्या मोजक्याच, आणि पाच जणींमधली टोस्ट किती उरल्यात ते मोजून सांगते. मॅक्स नेम धरतो, चुकतो. परत धरतो, परत चुकतो. आता एकच उरलीय. फ्युरिओसा त्याच्या मागे येऊन थांबलेली असते. तो एक क्षण घेतो, आणि रायफल तिच्याकडे देतो. ती नळी त्याच्या खांद्यावर टेकवते, त्याला फक्त श्वास रोखायला सांगते, आणि लांबवरचा तो सर्चलाइट फोडते. बुलेट फार्मर आंधळा होतो.

कागदावर हे वाचलं तर "बाईचा नेम पुरुषापेक्षा चांगला" एवढाच मुद्दा दिसतो, आणि तो मुद्दा शेकडो पिक्चरमध्ये येऊन गेलाय. फरक तो कसा शूट केलाय त्यात आहे. एक तर रायफल मागायला तिला एक शब्द बोलावा लागत नाही, मॅक्स पण काही बोलत नाही. "तुला जमेल का" नाही, "दे इकडे, मी दाखवते" नाही, गोळी लागल्यावर त्याचा आ वासलेला चेहरा नाही, तिचं विजयी हसू नाही. साधारण पिक्चरमध्ये इथे तीन क्लोजअप पडले असते: बाईचा, मग थक्क झालेल्या पुरुषाचा, मग परत बाईचा, म्हणजे तिचं कर्तृत्व त्याच्या चेहऱ्यावर वाचायला लावलं असतं. तसं केलं की ती कितीही भारी असली तरी निकाल देणारा तोच राहतो. इथे दोघांचे चेहरे जवळजवळ आहेत, त्याचा खांदा हा तिच्या रायफलचा स्टँड झालाय, आणि तो ते काम गुपचूप करतो. हिरोचं शरीर तिच्या नेमासाठी वापरलं जातंय आणि त्यात त्याचा अपमान नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाईला मोठं करायला पुरुषाला येडा दाखवायचा ही आपल्याकडची आणि हॉलिवूडची दोघांचीही जुनी सवय आहे.

आता तांत्रिक बाजू. ही रात्र रात्री शूट केलेलीच नाही. नामिबियाच्या वाळवंटात भर दिवसा, मुद्दाम एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) जास्त ठेवून शूटिंग केलं आणि नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर रंग-उजेड बदलायच्या कामात, सगळं निळं करून खाली आणलं. दिवसा रात्र शूट करायची युक्ती फार जुनी, पण पूर्वी एक्सपोजर कमी ठेवायचे, त्यामुळे सावल्यांमधलं सगळं काळं होऊन गिळलं जायचं. इथे उलटं केल्यामुळे सावलीतले बारकावे रेकॉर्ड झाले आणि चेहरे वाचता येतात. आता याचा फ्युरिओसाशी काय संबंध? तर तिच्या कपाळावर गाडीचं काळं ग्रीस फासलेलं आहे, अगदी भुवयांच्या खालपर्यंत. निळ्या अंधारात ते काळं आणखी काळं होतं आणि त्यातून डोळ्यांचं पांढरं उठून दिसतं. फ्रेममध्ये सगळ्यात आधी कुठे नजर जाते तर तिच्या डोळ्यांवर. तिचे ओठ नाही, केस नाहीत (थेरॉनने स्वतःहून डोकं भादरायचं सुचवलं होतं), मानेचा बाक नाही, डोळे. आणि प्रसंग कशाबद्दल आहे, तर अंधारात कोणाला दिसतं याबद्दल. मॅक्सला दिसत नाही, तिला दिसतं, आणि ती ज्याच्यावर गोळी झाडते त्याला कायमचं दिसेनासं होतं. मेकअप, ग्रेडिंग आणि कथा तिन्ही एकाच गोष्टीवर येऊन बसलेत, आणि असं योगायोगाने होत नाही.

आणि याच्या लगेच पुढचं तर मला पहिल्यापेक्षाही भारी वाटतं. बुलेट फार्मर अजून संपलेला नाही, म्हणून मॅक्स पेट्रोलचा कॅन घेऊन एकटा धुक्यात जातो. हिरो एकटा, समोर सशस्त्र गाडी. कुठल्याही ॲक्शन पिक्चरमध्ये कॅमेरा त्याच्या मागे पळाला असता आणि आपल्याला दहा मिनिटांची मारामारी मिळाली असती. इथे कॅमेरा जात नाही. तो फ्युरिओसा आणि बाकीच्यांसोबत टँकरपाशीच थांबतो. लांब धुक्यात फक्त एक भडका दिसतो, आवाज येतो, आणि थोड्या वेळाने मॅक्स पिशवीभर हत्यारं घेऊन रक्ताने माखलेला परत येतो आणि टँकरमधल्या दुधाने तोंड धुतो. त्याने तिकडे काय केलं हे आपल्याला कधीच दाखवलेलं नाही! पिक्चरचं नाव ज्याच्यावरून आहे त्याचा सगळ्यात मोठा एकट्याचा पराक्रम पडद्याबाहेर. आजवर हे नशीब हिरॉइनच्या वाट्याला असायचं, म्हणजे हिरो लढायला जाणार आणि ती दाराशी थांबणार, आणि आपण त्याच्यासोबत जाणार. इथे आपण थांबणाऱ्यांसोबत थांबतो, आणि लक्षात येतं की पिक्चर यांचा आहे. एक स्त्रीवादी भाषण न देता, फक्त कॅमेरा न हलवून दिग्दर्शक जॉर्ज मिलरने हे केलंय. मला विचाराल तर अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

आता हे असे शॉट टिकतात कशावर, तर मिलर आणि सिनेमॅटोग्राफर जॉन सील यांनी ठरवलेल्या एका नियमावर, की महत्त्वाची गोष्ट फ्रेमच्या मधोमध. फिल्म स्कूलमध्ये शिकवतात की विषय जरा बाजूला ठेवा, फ्रेम सुंदर दिसते. यांनी ऑपरेटर लोकांना उलटं सांगितलं, की व्ह्यूफाइंडरमधली फुली चेहऱ्यावर, नाकावर ठेवा. कारण सरळ आहे: प्रत्येक कटनंतर बघणाऱ्याचा डोळा पडदाभर शोधत बसत नाही, जिथे होता तिथेच पुढची गोष्ट मिळते, त्यामुळे शॉट अगदी छोटा असला तरी कळतो. दोन तासांच्या पिक्चरमध्ये सुमारे २,७०० कट आहेत, तरी डोकं दुखत नाही आणि कोण कुठे आहे ते हरवत नाही. पण याचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. मधोमध असणं म्हणजे मान. बऱ्याच पिक्चरमध्ये पुरुष मध्यभागी असतो आणि बाई त्याच्या शेजारी, मागे, खांद्याआड असते. इथे फ्युरिओसाचे डोळे परत परत त्याच फुलीवर येतात, आणि काही वेळाने आपला डोळा न सांगता तिलाच शोधायला लागतो. ही सवय आपल्याला लावली जातेय हे पहिल्यांदा बघताना कळत पण नाही.

एडिटिंग मार्गारेट सिक्सलचं. ती मिलरची बायको, आणि तिने आधी ॲक्शन पिक्चर एडिट केलेला नव्हता. मिलरने सांगितलेलं कारण असं की नेहमीच्या पुरुष एडिटरने केला असता तर तो बाकी ॲक्शन पिक्चरसारखाच दिसला असता. जवळजवळ ४८० तासांचं फुटेज तिच्यासमोर होतं, त्यातून दोन तास काढले आणि २०१६ मध्ये ऑस्कर घेतलं (पिक्चरला एकूण ६ मिळाली, सगळी तांत्रिक विभागांतली). बाई एडिटर असली म्हणून आपोआप बाईचं चित्रण चांगलं होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण या पिक्चरमध्ये काय ठेवलंय ते बघा: हाणामारीच्या मधोमध अर्धा सेकंद कोणीतरी कोणाकडे तरी बघतंय. आरशात बघणं, मागे वळून बघणं, एकमेकींकडे बघून काहीतरी ठरवणं. घाईतल्या एडिटिंगमध्ये हे तुकडे पहिले उडतात कारण त्यात "काही घडत नाही". इथे सगळं त्यातच घडतं.

सुरुवात आठवा ना. फ्युरिओसा पहिल्यांदा दिसते ती पाठीमागून, मानेवर डागलेल्या खुणेपासून, म्हणजे ती कोणाची तरी मालमत्ता आहे हे आधी कळतं आणि चेहरा नंतर. चेहरा आधी, मग शरीरावरून वरखाली फिरणारा कॅमेरा, अशी हिरॉइनची जी नेहमीची एन्ट्री असते ती इथे नाहीच. मग टँकर निघतो पेट्रोल आणायला, सोबत तिच्या हाताखालची फौज, आणि मग ती न सांगता रस्ता सोडून गाडी डावीकडे वळवते. बंड सुरू झालं, आणि त्यासाठी ना भाषण ना फ्लॅशबॅक, फक्त स्टिअरिंग, आरसे आणि तिची नजर. तिच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला अजून माहीत नाही, तरी आपण तिच्या बाजूचे झालेलो असतो, कारण ती जे बघतेय तेच आपण बघतोय. सीलच्या टीमने पळत्या गाडीवर बसवलेली लांब क्रेन वापरली होती, तिने कॅमेरा चालत्या टँकरच्या अगदी खिडकीपाशी नेता यायचा, त्यामुळे वेगात असताना सुद्धा हे चेहरे एवढ्या जवळून मिळाले.

मारामारीबद्दल एक प्रसंग सविस्तर सांगायलाच हवा, मॅक्स आणि फ्युरिओसाची पहिली झटापट. तिचा यांत्रिक हात काढलेला आहे, डावा हात कोपराच्या खाली नाही (शूटिंगमध्ये थेरॉनच्या हाताला हिरवं कापड आणि नंतर कॉम्प्युटरवर हात पुसला). मॅक्सला साखळी, साखळीच्या दुसऱ्या टोकाला नक्स, जोचा एक तरुण सैनिक. उघडं वाळवंट, भर उजेड, लपायला जागा नाही, आणि कॅमेरा पण लपवत नाही. ती तुटका हात वापरते, डोकं वापरते, वजन वापरते, आणि संधी मिळताच बंदूक मॅक्सवर धरून चाप ओढते. गोळी उडत नाही एवढंच त्याचं नशीब. म्हणजे तिने आपल्या हिरोला ठार मारायचा निर्णय घेतलेला आहे, आणि दिग्दर्शक त्याबद्दल तिला माफी मागायला लावत नाही. इथे आणि इतरत्रही फ्रेम रेटशी खेळलंय, पिक्चरचा अर्ध्याहून जास्त भाग नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालतच नाही असं सील यांनी सांगितलंय. सेकंदाला कमी फ्रेम घेतल्या की पडद्यावर हालचाल थोडी झटपट आणि टोकदार दिसते, आणि एखादी गोष्ट नीट कळत नसेल तर तिथे वेग कमी करायचा. म्हणजे स्लो मोशन आहे ते कळण्यासाठी आहे, ती किती सुंदर दिसते ते दाखवायला नाही. हा फरक छोटा वाटतो पण बाईच्या ॲक्शनमध्ये सगळं इथेच बिघडतं. केस उडतायत, घाम चमकतोय, पाय वर गेला की वेग अर्धा, आणि ठोसा लागायची वेळ आली की पटापट कट. जिथे काम आहे ते लपवलं आणि जिथे शरीर आहे ते लांबवलं.

पण सगळं छान छान आहे असं मी म्हणणार नाही. याच झटापटीच्या आधी मॅक्सला त्या पाच जणी पहिल्यांदा दिसतात, पांढऱ्या पातळ कपड्यांत, पाइपने पाणी घेत असलेल्या, आणि तो शॉट बराच जाहिरातीसारखा आहे. समर्थन असं करतात की मॅक्स तहानलेला आहे, तो पाण्याकडे बघतोय, आणि पुढच्याच क्षणी त्या लोखंडी कटरने कमरेचे दातेरी पट्टे तोडतायत हे दिसतं, म्हणजे कॅमेरा आधी आपल्याला फसवतो आणि मग लाज आणतो. अर्धं पटतं. लॉरा मल्वीने १९७५ मध्ये 'स्क्रीन' नियतकालिकातल्या निबंधात मांडलं होतं की मुख्य प्रवाहातल्या सिनेमात बघणारा पुरुष आणि बघितली जाणारी बाई अशी वाटणीच झालेली असते, आणि हा शॉट त्या वाटणीत चपखल बसतो, पुढे काहीही येवो. फ्युरिओसाला बघण्याचा हक्क दिला पण त्या पाच जणींना तो मिळायला पिक्चरचा बराच वेळ जातो, टोस्टने गोळ्या मोजेपर्यंत वगैरे. शूटिंगच्या वेळी मिलरने नाटककार ईव्ह एन्स्लर यांना नामिबियाला बोलावून या नट्यांसोबत अत्याचार सोसलेल्या बायकांच्या अनुभवांवर काम करून घेतलं होतं, आणि ते अभिनयात दिसतं, पण त्या एका फ्रेमपर्यंत ते पोचलं नाही असंच मला वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो, की केस काढले, ग्रीस फासलं, कमी बोलते, म्हणजे ही पुरुषच झाली की, बाई कुठे राहिली. याला उत्तर वाळूच्या टेकडीवरच्या प्रसंगात आहे. ज्या हिरव्या गावासाठी ती एवढं सगळं करून आली ते आता विषारी दलदल झालंय, आपण काल रात्री ज्यात अडकलो होतो तेच ते, हे तिला कळतं. ती सगळ्यांपासून लांब चालत जाते, यांत्रिक हात काढून टाकते, गुडघ्यांवर कोसळते. एवढा वेळ कॅमेरा तिच्या नाकाला चिकटून होता, आता तो एकदम लांब जातो, अफाट वाळू आणि त्यात ती. तिचे अश्रू क्लोजअपमध्ये विकत नाही. शाबूत शरीर, यंत्राचा हात, रागीट चेहरा हे सगळं काढल्यावर जे उरतं ते दाखवायला पिक्चर घाबरत नाही, आणि ते झाल्यावर ती परत उठून नकाशा बघते. खंबीर पुरुषाला अशी कोसळायची परवानगी ॲक्शन पिक्चर देतच नाही, त्यामुळे "पुरुष झाली" हे मला अजिबात मान्य नाही.

आपल्याकडचं बोलायचं तर परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोनने १९३५ मध्येच 'हंटरवाली' केला होता. पर्थमध्ये १९०८ साली जन्मलेली मेरी एव्हान्स, म्हणजे आपली फिअरलेस नादिया, घोडा, चाबूक, उड्या सगळं स्वतः करायची, आणि पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावर मारामारी. तिचे स्टंट वाईड शॉटमध्ये असायचे, पूर्ण शरीर, डोक्यापासून पायापर्यंत, कारण स्टंट खरा आहे हीच तर विकायची गोष्ट होती, कट मारला की लोक म्हणणार डमी आहे. त्या पूर्ण शरीराच्या शॉटमध्ये एक मान होता जो नंतर आपल्याकडे हरवला आणि त्याच्या जागी बुटांचा क्लोजअप, पंख्याची हवा आणि स्लो मोशनमध्ये चालणं आलं. मिलरची टीम इतक्या तंत्रज्ञानातून फिरून जिथे पोचली तिथे, बाई काय करतेय ते नीट दिसू द्या, परळमधले लोक गरजेपोटी आधीच पोचले होते.

२०२४ च्या 'फ्युरिओसा'मध्ये मिलरने तरुण फ्युरिओसाला (ॲन्या टेलर-जॉय) संवाद अगदीच कमी दिले आणि सगळा भार परत डोळ्यांवर टाकला. त्यातला टँकरवरच्या हल्ल्याचा पंधरा मिनिटांचा सीन शूट करायला ७८ दिवस लागले. तो सीन बघताना एक गोष्ट जरूर बघा, सुरुवातीला ती टँकरच्या खाली लपलेली आहे आणि हल्ला आपल्याला बराचसा तिथून, तिच्या उंचीवरून दिसतो. हळूहळू ती वर येते तसा कॅमेरा वर येतो. पण मला विचाराल तर कॉम्प्युटरचं काम तिथे जास्त जाणवतं, शरीराला वजन कमी वाटतं, आणि म्हणून २०१५ ची, खांद्यावर रायफल टेकवणारी फ्युरिओसाच मला अजून जास्त खरी वाटते.